विहिणीचा पाट

वारूळवाडी, मे २००३

सौ. लंकाबाई विहीणबाई, नारायणगाव यांना बयाबाईचा नमस्कार.

तुमची तेजस्विनी सून म्हणून आमच्याकडं छान रुळली. पण लग्नात विहिणीच्या पंगतीला मी पाटावर बसले नाही, म्हणून तुम्ही अजून आमचा उंबरा ओलांडला नाही.

त्या दिवशी सोमाजी व्याही फेटा सावरत म्हणाले, "आमचं काय कमी पडलं का?" मी म्हटलं, "काय न्हाई." तर तुम्ही आणखी एक लुगडं आणलंत. मी तरी उभीच. मग तुम्ही नथ काढायला निघालात. अहो, मी रुसले नव्हते, गुडघा वाकत नव्हता. बसले असते तर उठवायला चार माणसं लागली असती. त्यात आदल्या दिवशी बिब्बा लावून फोड आणलेले. भर मांडवात वरमायनं हे सांगायचं कसं?

आता डॉक्टरला दाखवलं. म्हणाला, "आजी, सांधे झिजलेत. वय झालं, वजन वाढलं, आणि जन्मभर उकिडवं बसून खुरपलंत. बिब्बा बंद करा. वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा, रोज थोडं चाला. फार दुखलं तर गोळी देतो. ऑपरेशनचं अगदीच अडलं तर बघू."

मी विचारलं, "आन पाटावर बसू का?"

"खुर्चीवर बसा."

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, हातानंच देते. चालायला सांगितलंच आहे, तर उद्या तुमच्याकडंच चालत येते. बरोबर तेजस्विनी आहे, घडीची खुर्ची घेऊन. राहिलेली पंगत तुमच्या ओसरीवर जेवते.

तुमची न रुसलेली विहीण,
बयाबाई