मिटल्या डोळ्यांच्या बाहुल्या

तीर्थरूप अण्णांना धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. अक्षर शेजारच्या स्टॉलवरच्या कुंभारीणबाईंचं आहे. गिऱ्हाइकांतून मला मान वर करायला फुरसत नाही, म्हणून त्यांना लिहायला बसवलंय.

प्रदर्शनात आपल्या लाकडी बाहुल्या हातोहात खपताहेत. यंदा सगळ्यांचे डोळे मिटलेलेच रंगवलेत. कुणी विचारलं तर सांगते, दमून झोपल्यात बिचाऱ्या! पण उद्या समारोपाला उघडा डोळा काढून दाखवायचाय, आपल्या रिवाजाप्रमाणे एका दमात, कुंचला न उचलता, सगळ्यांदेखत.

तुम्ही हल्ली जेवता ना नीट? आई भरवते का?

तिला पत्र वाचून दाखवताना एवढी शेवटची ओळ गाळा: अण्णा, तुमचा हात थरथरायला लागला, तेव्हा सुरुवात अंगठ्यापासूनच झाली होती का?

तुमची,
धाकटी