आकडे गाळू नयेत

॥ श्री ॥
धुळे, ता. ९ एप्रिल १९३६

तीर्थरूप आबांचे सेवेसी, बालक गिरधरचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपल्या आशीर्वादाने कचेरीत कायम झालो. पगार पस्तीस. आता माडीवर चौघांत सतरंजी टाकून पडणे शोभत नाही, म्हणून नीट अंदाज केला आहे. दरमहा दोन खोल्यांचे भाडे सात, खानावळ दहा, धोबी-न्हावी दोन, चहा, वर्तमानपत्र व एखादा सिनेमा मिळून चार. उरलेल्यातून घरी पाच पाठवीन.

एकदाच लागणारे ते निराळे. सायकल पंचावन्न, मनगटी घड्याळ पंचवीस, सर्जचा कोट तीस, टेबल व दोन खुर्च्या बावीस, खाट-गादी अठरा, घरमालकाची अनामत पंधरा. एकूण एकशे पासष्ट. मे अखेर पाठवावेत. रमीने पत्र जसेच्या तसे वाचावे, आकडे गाळू नयेत. मागे तिने दहाचे सात वाचले होते, ते मला कळले आहे.

आपला आज्ञाधारक,
गिरधर

॥ श्री ॥
प्रकाशे, ता. १६ एप्रिल १९३६

ती. दादास रमिलाचा नमस्कार, वि. वि.

पत्र वाचले, एक आणा गाळला नाही. सायकलीपाशी आबांनी थांबवून परत वाचायला लावले. मग म्हणाले, पोऱ्या साहेब व्हयी गया, त्याले कमी पडाले नको. घड्याळाचे मात्र मला हसू आले. इथे होतास तेव्हा आबांनी तोंडावर तांब्या ओतल्याशिवाय उठत नव्हतास.

दोन खोल्या वाचून मला फार आनंद झाला. सातवीची फायनल पास होऊन मला वर्ष झाले. तिकडच्या मास्तरिणींच्या ट्रेनिंग स्कूलचा अर्ज पंधरा मेपर्यंत जायला हवा, आणि त्यात राहायचा पत्ता लागतो. खोली झाली की रमीला नेईन, असे तूच म्हणाला होतास. मी स्वयंपाक करीन, तुझे खानावळीचे दहा वाचतील. मला टेबल-खुर्ची नको, एक कोपरा पुरे. लोणखेड्याहून मागणी आली आहे. मुलगा मास्तर आहे, शिकू देतो म्हणतो, दोन वर्षे थांबायलाही तयार आहेत.

कपाशीचे पैसे बियाण्यात गेले. आबा उद्या सारंगखेड्याला जाणार, कशाला ते सांगत नाहीत.

लोभ आहेच, तो पत्त्यासकट पाठवावा.
रमिला

॥ श्री ॥
धुळे, ता. २५ एप्रिल १९३६

चि. रमिलास अनेक आशीर्वाद.

दुसरी खोली बैठकीची आहे. हेडक्लार्क आणि त्यांचे कुटुंब येणार-जाणार, तिथे तुझे अंथरूण दिसणे बरे नाही. शिवाय मुलीची जात रोज रस्त्याने शाळेत जाणार, लोक नावे ठेवतात. पुढल्या वर्षी पाहू. सायकलवाला मे अखेरपर्यंतच थांबेल, आबांना आठवण दे.

तुझा हितचिंतक,
दादा

॥ श्री ॥
सारंगखेडे, ता. ७ जून १९३६

ती. दादास नमस्कार, वि. वि.

रजा मिळाली नाही म्हणून तू लग्नाला आला नाहीस, पण आहेराची दौत पोचली. तिच्यातच टाक बुडवून लिहिते. पंधरा मेला, अर्जाच्याच दिवशी, मला हळद लागली.

एकशे पासष्टची मनिऑर्डर मिळाल्याची तुझी सही आबांकडे आली. पैसे कुठले, हे तू विचारले नाहीस. आपल्यात मुलीचे देज वराकडून रोख घेतात, तुला माहीतच आहे. लोणखेड्याचे साठ येत होते. इथल्या बिजवराने दोनशे दिले. त्यांची थोरली मुलगी माझ्याहून तीनच वर्षांनी लहान आहे, मला आई म्हणायला लाजते. देज मोजताना आबा रडले, पण मोजले. तुझे पाठवून उरले त्यात मांडव झाला.

दादा, मला तुझा राग आहे, आणि माझाही. त्या दिवशी सायकल, घड्याळ आणि कोट गाळून वाचले असते तर पंचावन्नच लागले असते. आबांना अक्षर कुठे येते? लोणखेड्याच्या साठात सगळे भागले असते. पण तू बजावले होतेस, म्हणून खरे वाचले.

इथे माझे नाव सौ. सुभद्रा ठेवले आहे, पाकिटावर तेच घाल. आबांना यापुढे तुझी पत्रे गावचे मास्तर वाचून दाखवतील. ते काही गाळत नाहीत.

लोभ असावा असे शेवटी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले.
रमिला