बालविभागात अडकलेली इंजिने

शिळफाट्यावरच्या ड्रायव्हर, क्लीनर, फिटर, वेल्डर आणि जेसीबीवाल्या बंधू-भगिनींनो, आपल्या कामाची पुस्तके आपल्याच वाचनालयात लहान मुलांच्या कपाटात ठेवलेली आहेत. एका बाजूला ससा, दुसऱ्या बाजूला परी आणि मध्ये डिझेल इंजिन. हा अपमान माझ्या एकटीचा नाही, म्हणून हे मृत्युपत्र मी जिवंतपणीच तुम्हाला वाचून दाखवते आहे. मेल्यावर ते दुसऱ्या कोणाच्या आवाजात वाचले जाईल, आणि दुसऱ्याच्या आवाजावर माझा भरवसा नाही.

तर मी, छाया पोपट बोराडे, वय अडुसष्ट, रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेली क्रेनचालक, कामगार संघटनेची माजी चिटणीस, राहणार शिळफाटा, खोपोली, तालुका खालापूर, हे पूर्ण शुद्धीवर आणि कोणाचेही न ऐकता लिहिते. कोणाचेही न ऐकणे ही माझी जुनी सवय असल्याने दबावाचा प्रश्न येत नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. वाचनालयाचे अध्यक्ष आबाजी यांना तो पुरेसा वाटला नाही, तर त्यांनी भर सभेत माझ्याशी वाद घालून खात्री करून घ्यावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे पती पोपट यांनी हयातभर त्यात राहावे. त्यांच्यानंतर घर सून हर्षला हिचे. मुलगा नवीन याला मी बेघर करते आहे असे कोणी म्हणू नये. त्याने हर्षलाशी नीट वागावे, म्हणजे घर आहेच. एकदा त्याने माझी पुस्तके गोणीत भरून रद्दीवाल्याला फोन केला होता. "आई, आता सगळं मोबाइलवर हाय." पुढे घाटात त्याची गाडी बंद पडली आणि तिथे रेंज नव्हती. पोपट पोचले तेव्हा बॉनेट उघडे होते आणि हा गाभाऱ्यासमोर उभे राहावे तसा हात जोडून उभा होता.

२. बँकेत जे असेल ते नात ऋतिका हिच्या शिक्षणासाठी. काय शिकायचे ते तिने ठरवावे. पोपट यांनी मत देऊ नये. चाळीस वर्षे गॅरेज चालवून त्यांनी एकाही यंत्राची माहितीपुस्तिका उघडलेली नाही. आधी हातोडी मारतात, मग विचार करतात. आमच्या घरातला मिक्सर याच उपचाराने गेला.

३. पान्यांची पेटी शुक्राला. शुक्रा डोंगरपायथ्याच्या वाडीवरचा, जेसीबी चालवतो. त्याला मी आधी साक्षीदार म्हणून बोलावले होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील म्हणाले. शुक्राने उघडलेले पेन बंद केले. "मंग ताई, सही दुसऱ्याची घ्या." इतका स्पष्ट माणूस आमच्या संघटनेत एक जरी असता तरी बोनस वेळेवर झाला असता.

४. आता पुस्तके. क्रेनची केबिन छताजवळ होती. जेवायला खाली उतरायचे म्हणजे निम्मी सुट्टी शिडीवर जायची, म्हणून मी डबा वरच खाई आणि वाची. घाटातले ब्रेक, वाफेची इंजिने, पोलादी दोर, बोगदे खणणारे मजूर, आगबोटींच्या भट्टीत कोळसा टाकणारे खलाशी, अशा विषयांची पुस्तके मी आयुष्यभर जमवली. त्यांतली काही निवृत्तीनंतर वाचनालयाला दिली. आबाजींनी मुखपृष्ठे पाहिली, त्यांवर आगगाडी आणि ट्रक दिसले, आणि सगळी पुस्तके बालविभागात पाठवली.

बालविभागात मोठ्या माणसाला मुलाशिवाय प्रवेश नाही. त्यामुळे शुक्राला हायड्रॉलिकचे पुस्तक हवे झाले तेव्हा त्याला आधी मूल शोधावे लागले. त्याची पोरे वाडीवर. मी ऋतिका दिली. मग ती विलास वेल्डरला दिली, मग घाटाआधी थांबणाऱ्या ट्रकवाल्यांना. पोरगी शाळेतून यायची तेव्हा दारात दोन-तीन मिशीवाले उभे असायचे. प्रत्येकाकडून ती बर्फाचा गोळा घेई. ग्रंथपाल बाईंना वाटे, या मुलीला काका फार. एकदा शुक्रा गुडघे छातीशी घेऊन त्या बुटक्या खुर्चीवर वाचत बसला होता, तर शेजारच्या पोराने विचारले, "काका, तुमी कितवीत हाव?"

मी सभेत उभी राहिले. आबाजी म्हणाले, "छायाताई, यंत्रांची चित्रं मुलांना आवडतात."

मी म्हटले, "मुलांना मोरही आवडतो. मग वनखात्यानं मोर बालवाडीत सोडायचे का?"

"हा विषय आयत्या वेळचा आहे."

"आयत्या वेळचा कसा, आबाजी? गणपतीसारखा दरवर्षी येतो."

मतदान झाले. कपाट हलवण्याच्या ठरावाच्या बाजूने माझा एकच हात वर. पोपट यांचा अर्ध्यापर्यंत आला, पण आबाजींनी बघितल्याबरोबर त्यांनी त्याच हाताने डोके खाजवले. तुम्ही सगळे वाचनालयाचे सभासद आहात. त्या दिवशी तुमच्यातला एकही आला नव्हता. "आमी तिथं काय बोलणार," असे नंतर तुम्ही मलाच सांगत होतात.

आता ऋतिका बारा वर्षांची झाली. बालविभागाचे कार्ड संपले. आमच्याकडे दुसरे मूल नाही. पोपट यांनी जेवताना उपाय सुचवला.

"नवीनला सांग, अजून एक होऊ दे. वाचनालयाची सोय होईल."

हर्षलाने भाताचा डाव खाली ठेवला. "बाबा, एका कपाटापायी मी बाळंत व्हायची नाय. आबाजींना सांगा, कपाट हलवा."

सून शहाणी आहे. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी तिच्याकडे सोपवते.

कोणी म्हणेल, पुस्तक कुठेही असो, वाचल्याशी कारण. मला हे मान्य नाही. माझ्या क्रेनला लोखंड टांगलेले असे आणि खाली माणसे काम करत असत. त्यांचा जीव माझ्या अंगठ्याखाली होता. ट्रक घेऊन घाट उतरणाऱ्याच्या पायाखालीही कोणाचा तरी जीव असतोच. राजांची आणि संतांची चरित्रे मोठ्यांच्या दालनात, आणि या कामाचे पुस्तक खेळण्यांच्या रांगेत, ही वाटणी मला मंजूर नाही.

म्हणून घरी राहिलेली सर्व पुस्तके मी वाचनालयाला देते. अट अशी की आधीची आणि ही, सगळी मोठ्यांच्या दालनात, उभ्या माणसाचा हात पोचेल अशा कपाटात राहतील. कपाटाला माझे नाव देऊ नये, माझा फोटो लावू नये. अट मोडल्यास घरची सर्व पुस्तके शुक्राच्या वाडीवरच्या समाजमंदिरात जावीत. तिथे कोणी वय विचारत नाही.

५. अध्यक्ष आबाजी यांच्यासाठी मी एक लाकडी खुर्ची ठेवते. बालविभागातल्या मापाची, सागवानी, नवी करून घेतली आहे. त्यांनी तीवर बसून एक प्रकरण पूर्ण वाचावे. राग म्हणून देत नाही. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत.

६. माझ्या तेराव्याला भाषणे नकोत. कोणाला राहवलेच नाही, तर त्याने आधी हर्षलाला विचारावे. ती नाही म्हणेल.

७. शेवटचे तुमच्यासाठी, बंधू-भगिनींनो. मी मेल्यावर ही अट पाळायला लावणारे तुम्हीच आहात, आणि तुम्ही येता की नाही हे मला डोळ्यांनी बघायचे आहे. रविवारी, चौदा तारखेला सकाळी दहा वाजता वार्षिक सभा आहे. एक फेरी सोडा, गॅरेजचे शटर तासभर ओढून घ्या, आणि कपाट हलवण्याच्या ठरावाला हात वर करा. पूर्ण वर.

ठिकाण: शिळफाटा, खोपोली
दिनांक: १० सप्टेंबर २०२५

सही: छाया पोपट बोराडे

छायाताईंनी आमच्यासमोर सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही, हे आम्हाला दोनदा सांगितले आहे.

साक्षीदार:
१. विलास, वेल्डर, शिळफाटा
२. गोमा, चहाची टपरी, शिळफाटा