बालाजीदादाकडून घेतलेली गाडी

३१ ऑगस्ट, रविवार

ब्रेक लागला नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण दुपारपासून जो येतो तो विचारतो, स्पीड किती होता. चाळीस होता. फ्लायओव्हरवरून काचीगुड्याकडे उतरत होते, पुढची बस थांबली. पाय दाबला तर पेडल सरळ खाली गेलं, मऊच. परत दाबलं, तसंच. बसमध्ये घुसण्यापेक्षा डावीकडच्या भिंतीला घातली.

मुग्धाने पट्टा लावला होता. तरी ती डॅशबोर्डवर आपटली. समोरचे दोन दात गेले, वरचा ओठ फाटला, सात टाके. सतरा वर्षांची पोर स्वतःचा दात मुठीत धरून बसली होती आणि मलाच म्हणत होती, "मम्मी, रोओ मत ना, मी ठीक आहे."

मला कपाळावर एक टेंगूळ. मला काही झालं नाही याचाच राग येतोय.

गाडी घेऊन बावीस दिवस झाले.

१ सप्टेंबर

बालाजीदादा हॉस्पिटलात आला. शहाळी, सफरचंदं. मुग्धाचं तोंड बघून रडला. खरं रडला, मी नीट बघत होते. जुन्या गाडीत ब्रेकचं असं होतं कधीकधी, मी बघतो, म्हणाला. बघतो म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. नात पलंगावर पडलेली, आणि ही त्याची समजूत काढतेय.

४ सप्टेंबर

गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचं गॅरेज आहे, गाडी तिथेच ओढून आणली. त्यांनी बोलावलं म्हणून शाळेतून तशीच गेले. त्यांनी मुग्धाच्या सीटचा पट्टा ओढायला सुरुवात केली. ओढत गेले, शेवटपर्यंत. खालचा अर्धा पट्टा मातकट. वाळलेला गाळ सीटवर गळत होता. मग कार्पेट उचललं. खाली नुसता गंज.

"मॅडम, ये गाडी पानी में डूबी सो है. सीट के ऊपर तक."

ब्रेकचा पाइप गंजून फुटलेला. पट्ट्याच्या चकरीत गाळ, म्हणून तो अडकलाच नाही. वायरिंग सगळं बदलायचं. पुढचा भाग तर भिंतीने खाल्लाच आहे. एक लाख शहाऐंशी हजार. इन्शुरन्स अजून जुन्या मालकाच्या नावावर, दादा "करतो, करतो" म्हणत होता.

सलीमभाईंनी विचारलं, किसने दी? मी म्हटलं, भाई ने. ते हात धुवायला निघून गेले.

घरी येऊन बाथरूममधला मग भिंतीवर मारला. फुटला नाही. परत मारला. बावीस वर्षं पी.टी. टीचर आहे, पोरींना थ्रोबॉल शिकवते. हात जड आहे माझा.

५ सप्टेंबर

चूक माझी. हेही लिहायला हवं.

घेण्याच्या आदल्या दिवशी अनिल म्हणाला होता, सलीमभाईंना एकदा दाखवून घेऊ, चहाला येतील, बघून जातील. मी नवऱ्यावर केवढी खेकसले. भावाची गाडी मेकॅनिककडून तपासून घ्यायची? त्याला कळलं तर तोंड कसं दाखवू?

आणि सख्खा भाऊही नाही तो. नांदेडला आमच्या शेजारी राहायचा, बाबांनी इकडे आणून जुन्या गाड्यांच्या धंद्याला लावला, मी चौथीत होते तेव्हापासून राखी बांधते. गाडीही राखीच्याच दिवशी आली. वीस हजार कमी केले त्याने, ओवाळणी म्हणून. मी आधी गाडीला ओवाळलं, मग त्याला. आमच्याकडे भेंडी मोडून बघतात, नारळ कानाशी हलवून बघतात, पण आपल्या माणसाने दिलेली चार लाखांची वस्तू डोळे मिटून घेतात. बघणं म्हणजे अपमान.

पोरीचे दात गेले या मानापानात.

७ सप्टेंबर

फोन केला. आधी म्हणे, मलाही वरच्या डीलरने फसवलं, मला काय ठाऊक पाण्यातली आहे. मग म्हणे, कागदावर "आहे त्या स्थितीत" लिहिलंय, तू सही केलीस. मग म्हणे, बहीणभावात असं बोलतात का.

तीन मिनिटांत तीन माणसं बोलली त्याच्या तोंडून. आजपासून त्याला दादा लिहिणार नाही. पूर्ण नावही नाही. बा. एवढं पुरे.

१४ सप्टेंबर, रविवार

मलकपेटला गेले, त्याच्या गाड्यांच्या मैदानावर. चाकाचे नट काढायचा पाना पिशवीत घालून नेला होता. नेताना स्वतःला सांगत होते, दाखवायला म्हणून नेतेय, ह्याच गाडीतला आहे, ह्यालाही गंज चढलाय.

तो गिऱ्हाइकाला पांढरी गाडी दाखवत होता. नवरा-बायको, कडेवर पोरगं. मी त्या बाईला तेलुगूत म्हटलं, पट्टा ओढून बघा. बा. हसत पुढे आला. माझी बहीण आहे, जरा डोकं फिरलंय सध्या, म्हणाला.

मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. पांढऱ्या गाडीची पुढची काच आठवते. पहिल्या घावाला नुसती तडकली, तिसऱ्याला आत बसली. पोरगं किंचाळत होतं. बा.ने माझं मनगट धरून मागे पिरगाळलं, पाना सोडेपर्यंत. मी त्याच्या हाताला चावले. त्याने ढकललं, खडीवर पडले, दोन्ही कोपरं सोलली. वर उभा राहून म्हणाला, "बहीण हाईस म्हणून सोडायलोय. तुझ्या बापाला अग्नी कोणी दिला, ईसरलीस का?"

विसरले नाही. मी बाई, म्हणून मला पुढे होऊ दिलं नव्हतं. त्याने दिला.

१६ सप्टेंबर

वकीलबाई, हिमायतनगर. शांत बाई, चष्म्यातून वर बघून बोलते. म्हणाली, तक्रार होते, ग्राहक आयोगात जाऊ, सलीमभाईंकडून लेखी घ्या. पण गाडी पाण्यातली होती एवढं पुरत नाही, त्याला ते माहीत होतं हे दाखवावं लागेल. आणि ती काच तुम्ही फोडायला नको होती, तिथे कॅमेरे आहेत.

अनिल रिक्षात म्हणाला, जाऊ दे संगीता, पगारातून फेडू. मी म्हटलं, तुझी पोरगी आहे की शेजाऱ्याची? ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. अनिलने तोंड बाहेर फिरवलं. त्याने असं केलं की मला आणखीच चढते.

२ ऑक्टोबर, दसरा

आईने अनिलच्या स्कूटरला झेंडूची माळ घातली. मी पान्याला हळदकुंकू लावलं. (पाना बा.ने परत पाठवला, आईच्या हाती. आई अजून त्याच्याकडे जाते.)

मुग्धा हसताना तोंडावर हात धरते. कॉलेजात मास्क लावते. आज पहिल्यांदा मला म्हणाली, "मम्मी, बालाजीमामा को मारे क्या तुम? सच्ची?" हो म्हटलं. ती हसली, आणि हात तोंडावर गेला.

१८ ऑक्टोबर

गाडी तयार. मुग्धाचे नवे दातही परवा बसले. पाटल्या गहाण ठेवून सलीमभाईंचे पैसे दिले. मजुरीतले त्यांनी आपणहून सोडले थोडे. परका माणूस.

बसले, किल्ली फिरवली, पाय ब्रेकवर ठेवला आणि तसाच राहिला. दहा मिनिटं. मग त्यांनीच घरापर्यंत आणून लावली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आईने मला न विचारता त्याला बोलावलं. बायकोसकट आला. आईने पाट मांडला, रांगोळी काढली, माझ्या हातात ताट दिलं. निरांजनही तिनेच लावलं, म्हणून ओवाळलं. मुग्धा खोलीतून बाहेर आली नाही.

बा.ने ताटात पाकीट टाकलं. जाड. आणि मोठ्याने, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणाला, "एक लाख शहाऐंशी हजार हाईत. भावाची ओवाळणी. आता दुरुस्तीचं नाव काढायचं नाही."

एक क्षण मला ते पाकीट हवंसं वाटलं. पाटल्या आठवल्या. हे इथे लिहिते, कारण मुग्धाला मराठी वाचता येत नाही आणि अनिल दुसऱ्याची वही उघडत नाही.

पण ओवाळणी म्हणून घेतलं की संपलं. तो उदार भाऊ, मी घेणारी बहीण, आणि गाडीत कधी पाणी नव्हतंच. मी म्हटलं, ओवाळणी नको, माझे दुरुस्तीचे पैसे दे. दोन ओळी लिहून दे, की गाडी पाण्यातली होती, त्याचे हे पैसे. आणि आत जाऊन मुग्धाची माफी माग.

तो हसला. ओवाळणीची पावती मागतात का, बायकोला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "अन् पोरीचं काय घिऊन बसलीस? नवे दात बसवलेत की. उलट आता चांगली दिसायली."

ताट पितळेचं, आजीच्या वेळचं. काठ भुवईच्या वर लागला. हाडाचा आवाज आला. निरांजन त्याच्या शर्टावर, तेल, तांदूळ, सुपारी सगळीकडे. तो खाली वाकला तेव्हा मी परत मारलं. पहिला फटका रागात बसला. दुसरा मी बघून मारला, कुठे लागेल ते ठरवून. तिसऱ्याला अनिलने मागून धरलं.

त्याची बायको ओरडत होती. रक्त डोळ्यात उतरलं होतं, तरी त्याने चाचपडत पाकीट शोधलं आणि खिशात घातलं. आई पदराने त्याचं कपाळ पुसत होती.

२४ ऑक्टोबर

त्याला आठ टाके पडले. मुग्धाला सात होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी म्हटलं, तू त्याचं रक्त पुसलंस, मुग्धाचं कोणी पुसलं होतं? तिने वर पाहिलं नाही. मेथीकडेच बघत म्हणाली, "बालाजीनं सांगितलं व्हतं मला. राखीच्या आदल्या दिशी. गाडी पुरात व्हती म्हणून. धुऊनपुसून चांगली केलीय, संगीला सांगू नका, उगंच भिईल, म्हणला."

मी विचारलं, आणि तू सांगितलं नाहीस?

"मला वाटलं, धुतली म्हणजे झालं."

माझा हात वर गेला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, माझी आई. तिने तोंड चुकवलं नाही, फक्त डोळे मिटून घेतले. हात तिच्या डोक्याशेजारच्या कपाटावर मारला. दार आत गेलं. करंगळी सुजलीय, पेन नीट धरता येत नाही.

मुग्धा दारात उभी होती.

२७ ऑक्टोबर

बा.ने पोलिसांत तक्रार दिली. आज स्टेशनला जाऊन आले. इन्स्पेक्टर सभ्य होता. आपसात मिटवा मॅडम, शाळेत कळलं तर नोकरीवर येईल, म्हणाला. बा.चा निरोप अनिलकडे आलाच होता. तेवढेच पैसे घे, आयोगाचं विसर, मी पोलिसांतलं मागे घेतो. लिहून मात्र काही देणार नाही.

वकीलबाईंना आईचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, आईने प्रतिज्ञापत्रावर एवढं लिहून दिलं की त्याने विक्रीच्या आधी आपल्याला सांगितलं होतं, तर दुरुस्तीचा सगळा खर्च येईल, वर भरपाईही मागता येईल. ताटाचं तुम्हाला वेगळं भोगावं लागेल, ते मी सांभाळेन तेवढं सांभाळेन. आई देईल का सही?

माहीत नाही म्हटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलंय, मराठीत. सकाळी आईला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. खरंच हाय सगळं, म्हणाली. चष्मा मागितला, पेन हातात घेतलं.

मग पेन तसंच धरून म्हणाली, "म्या सही केली की त्यो येणार नाही पुन्हा. मंग माझं कोण करील?"

मी म्हटलं, मी करीन. अग्नी मी देईन, आता बायका देतात. कोण अडवतो ते बघते.

ती माझ्याकडे बघत होती. तोंडाकडे नाही, हाताकडे. करंगळीला अजून पट्टी आहे.

"मला तुझ्या हाताची भीती वाटायली, संगे."

पेन टेबलावर ठेवलं तिने. उद्या अकराला वकीलबाईंकडे जायचंय, कागद टेबलावर तसाच पडलाय.

रविवारी तिला न्हायला मी घालते. पाणी तापवलं, शिकेकाई काढली, हाक मारली. ती बादली घेऊन आत गेली. मी करते माझं, म्हणाली, आणि आतून कडी लावली. मी टॉवेल घेऊन बाहेर उभी राहिले.