खिडकीखालचं स्टेशन

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस की बाटली नुसती उशाशी ठेवून झोपतेस, ते काही लिहिलं नाहीस. इकडे सगळं ठीक. चष्म्याचं दुकान मी आता दुपारपर्यंतच बघतो, पुढचं लेक सांभाळते. त्यामुळे दुपारभर घरात घुटमळत असतो. शेवटी तुझ्या भावजयीने ऐकवलं की सारखे पायांत पायांत येऊ नका, स्वतःचं काहीतरी शोधा. तेव्हा शोधलं. मी पुन्हा आगगाडी घेतली आहे.

हसू नकोस. आपली चावीची गाडी आठवते ना? एका चावीत बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंतच जायची आणि तिथे तू तिला चावी देऊन परत पाठवायचीस. तू आतून जमिनीवर दोनदा टकटक केल्याशिवाय मी गाडी सोडायची नाही, हा तुझा कायदा. नवी गाडी विजेवर चालते. तिला चावी नको, टकटक नको, की दुसरं माणूस नको. मागच्या छोट्या खोलीत भिंतीला धरून हातभर रुंदीची फळी ठोकतोय. दाराशी स्टेशन, तिथून दोन भिंतींच्या कडेने लाइन, आणि खिडकीपाशी फळी रुंद करून मोठं गोल वळण. गाडी वळणात शिरेल, फिरेल आणि त्याच लाइनवरून माझ्याकडे परत येईल. मी खुर्चीतून उठायचंही नाही. नकाशा सोबत पाठवतोय. चुका काढ, तुला ते आवडतं.

भावजयीचा नमस्कार. लोभ आहेच, तो या नव्या वेडापायी आटू नये.

तुझा,
धाकटा

ता. ११ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून एकटीच इतकी हसले की मांजर उठून गेलं. आईचं गजराचं घड्याळ उघडून परत जोडलंस तेव्हा दोन चाकं उरली होती आणि तू ती जादा होती म्हणून सांगितलंस, ते आठवलं. भावजयीला म्हणावं, जपून राहा. तेल लावते. गुडघा मात्र त्याच्या मर्जीने वागतो.

खोली कामाला लागली हे छान झालं. हे गेल्यापासून तुम्ही दोघं त्या खोलीत राहायला ये म्हणून मागे लागलात आणि मी दर वेळी नवी सबब शोधून थकले. आता तिथे आगगाडी आली, म्हणजे तो विषय मिटला. बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

नकाशा बघितला. बोगदा वळणावर ठेवू नकोस, गाडी आत घसरली तर हात कसा घालशील? दुसरं म्हणजे खिडकीखाली लांबट चौकोन काढलायस, तो काय आहे? मालधक्का असेल तर तुझ्या एवढ्याशा गाडीच्या मानाने अवाढव्य झालाय.

पत्राला आळस करू नकोस. मी इथे टपालाची वाट बघते, हे तुला माहीत आहे.

तुझी,
ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फजिती झाली. फळी बसली, रूळ बसले, बोगदा तुझ्या हुकमाप्रमाणे सरळ जागी हलवला. गाडी झकास पळते, पण वळणाचा शेवटचा तुकडा बसवेपर्यंतच. तो बसवला की रुळांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर खट्ट करून बंद. तुकडा काढला की पुन्हा सगळं सुरळीत. मी दुकानदाराशी हुज्जत घालून ट्रान्सफॉर्मर बदलून आणला, तोही तसाच वागला. तुझी भावजय दारातून बघून म्हणाली की आता दुकानदारच बदलून आणा. तू एवढी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्यास, तूच काहीतरी सांग.

आणि तो मालधक्का नव्हे, ताई. तो तुझा पलंग आहे. आधी पलंग मांडला आणि मग उरलेल्या जागेत गाडी बसवली. फळी हातभरच का ठेवली असं तुला वाटलं? विषय मिटलेला नाही.

जिना टाळायचा तर मागच्या दाराने यायचं, तिथे दोनच पायऱ्या आहेत, कठडा लावून घेतलाय. मायेत कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घे.

तुझा,
धाकटा

ता. १० मार्च

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

त्या बिचाऱ्या दुकानदाराची माफी माग. दोष तुझ्या वळणाचा आहे. दोन रूळ म्हणजे विजेच्या दोन तारा. तुझी लाइन फिरून स्वतःलाच येऊन मिळते, तिथे डावा रूळ उजव्याला भिडतो. मग बंद नाही पडणार तर काय? आपणच आपला नंबर फिरवला तर तो एंगेजच लागायचा. चावीच्या गाडीत वीज नव्हती, म्हणून हे तुझ्या डोक्यात आलं नाही. रूळ मध्ये कापून बटण बसवता येतं, पण गाडी वळणात असताना ते कुणीतरी दाबायला लागतं. त्यापेक्षा वळण काढून टाक आणि तिथे साधं स्टेशन कर.

पलंगाचं वाचलं. तू एवढं केलंस म्हणून खरं ते लिहिते. मला गुडघ्याची भीती नाही. घराला कुलूप लावलं की ते पुन्हा उघडायला मी येणारच नाही, याची भीती वाटते. ह्यांची खुर्ची इथे आहे. तुमच्याकडे मला करमलं, तर इथलं काय?

रागावू नकोस. भावजयीला जवळ घेतल्याचं सांग.

तुझी,
ताई

ता. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वळण उपटलं, स्टेशन केलं. ट्रान्सफॉर्मर गुणी बाळासारखा चालतोय. पण गंमत बघ, गाडी त्या टोकाला जाते आणि उभी राहते. तशीच मागे घेतली तर इंजिन डबे ढकलत येतं आणि कोपऱ्यात डबे घसरतात. तिथे कुणीतरी इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला जोडायला हवं. मी दर वेळी उठून जातो, जोडतो, परत खुर्चीत येतो. तुझी भावजय म्हणते, एवढा व्यायाम डॉक्टरांनी सांगून केला नसता. ते स्टेशन नेमकं तुझ्या उशाशी आलंय. पलंगावर बसून हात पोचतो.

तू कायमची ये असं मी म्हणत नाही. परतीचं तिकीट आधी काढ आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेव, मी त्याला हात लावणार नाही. दाजींची खुर्ची तिथेच राहू दे. तू जाशील तेव्हा मी पोचवायला येईन, कुलूप तुझ्याबरोबर उघडेन आणि त्या खुर्चीत बसून चहा पिऊन येईन. मला तुझी आठवण येते, ताई. एवढंच आहे.

लोभ तुझ्याकडूनच शिकलो, तो तसाच ठेव.

तुझा,
धाकटा

ता. २९ मार्च

चि. खुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

तिकिटं काढली, दोन्हीकडची. मांजराला शेजारीण बघेल, ते आत्ताच तिच्याकडे जेवायला जायला लागलंय, कृतघ्न मेलं. भावजयीला म्हणावं, माझ्यासाठी वेगळं काही मांडू नकोस.

येत्या रविवारी दुपारी पोचते. स्टेशनवर न्यायला येऊ नकोस, रिक्षा करीन. तू तुझ्या खुर्चीत बस, डबे जोडून तयार राहा. मी मागच्या दाराने येईन आणि बेल वाजवणार नाही. दारावर दोनदा टकटक ऐकू आल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

तुझी,
ताई