आतल्या खोलीतले टमाटे

येरमाळा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अर्पितास, येरमाळ्याहून तुझ्या सासूचे, कस्तुराबाईचे, मनापासून आशीर्वाद.

इकडं आम्ही खुशाल आहोत. तुझ्या सासऱ्यांचा गुडघा जरा बरा आहे. म्हैस व्यायली, वगार झाली. शिवराजचा रविवारी फोन येतो, त्यात तू उमरग्याच्या शाळेच्या कामात असतेस एवढंच कळतं. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहिते. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, संभाळून घे.

सांगायचं म्हणजे, मी आतल्या खोलीत टमाटे पिकवले. खिडकी नसलेल्या त्याच खोलीत. तुझ्या दोन्ही पांढऱ्या ट्यूब माळ्यावर तशाच होत्या, वहीपण होती. तू लिहिलंय तसंच सगळं केलं. ऑक्टोबरात बी टाकलं. तेलाच्या सहा डब्यांना बुडाशी भोकं पाडली. ट्यूब रोपाच्या वर एक वीत टांगायची, रोप वाढलं की दोरी ओढायची. लाइट गेली तर किती वेळ गेली तेही लिहिलं. मागं तुझी रोपं उंदरांनी खाल्ली, म्हणून दाराला खालून फळी लावली.

तुझी वही सतराव्या पानावर थांबते. रोपं गुडघ्याएवढी झाली, तिथं. पुढचं सगळं माझं आहे!

डिसेंबरात फुलं आली आणि गळायला लागली. पाणी कमी केलं, वाढवलं, काही फरक नाही. तीन दिवस डोकं लावलं तेव्हा ध्यानात आलं, रानात वारं असतं, झाड हलतं. इथं पानसुद्धा हलत नाही. मग तीन डब्यांतल्या फुलांच्या देठांना रोज सकाळी बोटानं हलकी टिचकी द्यायची, आणि तीन डब्यांना हात लावायचा नाही, असं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं तूच पहिल्या पानावर लिहिलंयस. टिचकीच्या डब्यांत सेहेचाळीस फुलांना एकोणतीस टमाटे धरले. बाकीच्यांत एक्केचाळीस फुलांना चार. मी दोनदा मोजले.

शेजारची द्वारकाबाई बघायला आली. "कस्तुरा, अंगणात एवढं ऊन पडलंय, अन् हितं अंधारात कशापायी गं?"

"उन्हाबिगर येतंय का, ते बघायचं हुतं."

"मग आलं का?"

मी एक लाल टमाटा तिच्या हातावर ठेवला. तिनं उभ्यानंच खाल्ला. "रानातल्यावानीच लागतंय की!" म्हणाली, आणि गावभर सांगत सुटली. आता बाया येतात. मी त्यांना चपला बाहेर काढायला लावते.

अर्पिता, वर मी उंदरांचं लिहिलं. हात सवयीनं गेला. खोडत नाही, पण ते खोटं आहे.

तू कळंबला परीक्षेला गेली होतीस. घरी हळदीकुंकवाला बाया आल्या होत्या. एकजण म्हणाली, "सून रोपंच जोजवतीय, पाळणा कवा हलायचा?" सगळ्या हसल्या. त्या गेल्यावर मी तुझी बाराही रोपं उपटून उकिरड्यावर टाकली. तू आल्यावर उंदीर म्हणून सांगितलं. तू रिकामे डबे धरून रडलीस आणि मी चहा ठेवला. तुझं एम.एस्सी.चं प्रोजेक्ट बुडालं, वर्ष गेलं. महिन्याभरात तुम्ही उमरग्याला बिऱ्हाड केलं. शिवराजला मी आजवर हे सांगितलेलं नाही. तुला मात्र तेव्हाच कळलं असणार. उंदीर काही रोप मुळासकट उपटत नाही.

माझी पहिली फुलं गळाली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुझी तर बारा होती.

यंदा तू परत फॉर्म भरतेयस, असं शिवराज बोलला. ऐकून बरं वाटलं. पत्रासोबत माझी वही पाठवते. बी टाकल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. तुझे सर विचारतील ते विचारू देत, मी उत्तर देईन. प्रोजेक्टमध्ये मदत करणाऱ्यांची नावं देतात म्हणे. त्यात माझं घालायचं का, ते तू ठरव. नाही घातलंस तर मी रुसणार नाही. घातलंस तर पूर्ण घाल.

तुझी अपराधी, अन् यंदा लई खूश असलेली,
कस्तुराबाई