बुद्धिमायाचा उरलेला डोळा

कार्तिक ८
आज आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला बुद्धिमाया नावाची आजी आली. गुल्मी जिल्ह्यातल्या, डोंगरात पार वरच्या गावातली. सोबत नवरा, खड्कबहादुर — जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. तिचा उजवा डोळा जुन्या ऑपरेशनात गेलेला. डाव्यात मोतीबिंदू, पिकून तपकिरी झालेला.

ती म्हणाली, "हा हातांनी बोलतो. मी बोलते ते ओठांवरून कळतं त्याला. पण त्याचं उत्तर मला कुठे दिसतं? आमचं भांडणसुद्धा बंद पडलंय बघ."

त्याने तिच्या तळहातावर बोटं टेकवली. "हे म्हणजे 'जेव'. एवढंच उरलंय संसारात." आणि स्वतःच हसली.

कार्तिक ९
बुबुळावरच्या काचेची आतली बाजू नीट पाहिली. पेशी फार विरळ — आणि त्या परत उगवत नाहीत. एवढा कडक मोतीबिंदू बाहेर काढताना तिथे घासला, तर काच कायमची पांढरी. उजव्याचं तेच झालं असणार.

पूर्णकला सिस्टर म्हणाली, काठमांडूला पाठवा. आजी जायला तयार नाही. मला भीती वाटते. इथेच लिहिते, बोलणार नाही.

काचेला आतून लेप द्यायला बुटवल शहरातून चिकट जेल मागवलं. आमच्याकडचं फार पातळ, लगेच वाहून जातं.

कार्तिक ११
बसने जेल आलं. उद्या ऑपरेशन.

कार्तिक १२
झालं! आधी जेल भरलं, काचेला आतून जाड लेप बसेपर्यंत. अर्ध्यावर थांबून पुन्हा भरलं. मोतीबिंदू लेपाखालून सावकाश सरकत बाहेर आला — काचेला कुठेही न लागता. नवं भिंग बसवलं, जेल धुऊन काढलं.

कार्तिक १३
पट्टी काढली. काच सुजलेली, धुरकट. "उजेड दिसतोय, माणूस नाही," आजी म्हणाली. खड्कबहादुर माझ्याच तोंडाकडे बघत राहिला. थेंब वाढवले.

कार्तिक १४
तसंच. की सूज किंचित कमी? स्वतःवर विश्वास नाही.

कार्तिक १५
काच स्वच्छ!

आजीने आधी नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याचे हात सुरू झाले — सुरू झाले ते थांबेनातच. तिचे डोळे वाहत होते. आणि मग एकदम आवाज चढला: "म्हैस विकली म्हणतोय! मला न विचारता!" दोघं असे जुंपले की अख्खा वॉर्ड हसत होता. पूर्णकला तिहारच्या, म्हणजे इकडच्या दिवाळीच्या, गोड सेल-रोट्या वाटत होती, ती ताट धरून तिथेच उभी. मी दोन खाल्ल्या.

कार्तिक १६
निघताना आजीने माझा हात धरला. "आता ह्याचे डोळे बघ, पोरी. काल भांडताना माझे ओठ धड वाचता येत नव्हते त्याला. विचारलं तर म्हणतो, तुझं होईपर्यंत सांगणार नव्हतो."

तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बरेच वाढलेले. आणि असल्या डोळ्यांनी कड्याच्या वाटेने तिचा हात धरून तो तिला खाली घेऊन आला होता.